गाडीचा मेंदू आणि मासळीची पाटी

नाशिकहून निघाले तेव्हा नुकतं उजाडत होतं. शेजारणीने खिडकीतून विचारलंच, "एकट्याच?" हो, एकटीच. ह्यांना डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नाही, म्हणून पन्नाशीला टेकल्यावर मी शिकले, आणि तेव्हापासून आळीतल्या निम्म्या लोकांना माझी काळजी लागून राहिली आहे. ठाण्याहून मेधाला, माझ्या लेकीला, पहिल्या बाळंतपणासाठी आणायचं होतं. आमच्याकडे मुलीला सातव्या महिन्यात माहेरी आणतात. आठव्यात तिने प्रवास करायचा नाही. माझ्या शाळेतून मला रजा मिळता मिळता सातव्याचा शेवटचा दिवस उजाडला होता. आज आणली तर आणली.

कसारा घाट निर्विघ्न उतरला. शहापूर मागे पडलं आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. पाठोपाठ चालती गाडी एकदम गप्प झाली. मागचा ट्रक भोंगा वाजवत अंगावर आला. कशीबशी कडेला घेतली. थोड्या वेळाने किल्ली फिरवली तर सुरू, जसं काही झालंच नव्हतं. भिवंडीजवळ पुन्हा तेच, मग माजिवड्याच्या नाक्यावर ऐन गर्दीत. रिक्षावाले जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या डोक्यात मात्र एकच विचार होता: संध्याकाळी घाटाच्या चढावर हे झालं, आणि मागे मेधा असली, तर?

चेंदणी कोळीवाडा स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथे शिरलं की शहर संपतं. बोळात जाळी टांगलेली, अंगणात सुकट पसरलेली. मेधाची सासू दारातच उभी होती. जावई बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात या दोघीच. विहीणबाई रोज दिराच्या टेंपोतून कल्याणच्या बाजारात मासळी विकायला नेतात.

मी गाडीचं रडगाणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग र्‍हाऊ दे ना पोरीला हतंच. मी हाय."

मला ते लागलं. मेधाने इथेच राहावं असं त्यांच्या मनात पहिल्यापासून आहे, हा माझा जुना संशय. मेधा भरून ठेवलेल्या बॅगेच्या बंदाशी चाळा करत बसली. तिला यायचं होतं, हे त्या बंदावरूनच कळत होतं. भाड्याची गाडी करावी, तर घाटात त्या कशा धावतात ते मी येताना पाहिलं होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की हळू न्या.

कळव्याच्या रस्त्यावर दिलीप नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. विहीणबाईही न बोलावता माझ्याबरोबर आल्या. दिलीपने पुढच्या सीटपाशी वाकून पायाखालचा गालिचा उचलला, आणि असा वास सुटला की तो दोन पावलं मागे सरला.

"मॅडम, हिचा कॉम्प्युटर इथे असतो. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते हाच डबा ठरवतो. याच्यात खारं पाणी गेलेलं आहे. मासळी ठेवलेली काय इथे?"

डब्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. मागच्या महिन्यात डोहाळजेवण झालं, तेव्हा विहीणबाईंनी बर्फात घातलेल्या पापलेटांची पाटी (टोपली) मला बळेच दिली होती, आणि मी ती माझ्या शेजारच्या सीटपाशी खाली ठेवली होती. बर्फ वाटेत वितळला. घरी जाऊन मी वरवर पुसून घेतलं, पापलेटं तळली आणि विसरून गेले.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "माज्या म्हावर्‍यान (मासळीने) झायलं."

"नवीन मागवला तर आठवडा जाईल," दिलीप म्हणाला. "जुना मिळतो का बघूया."

मी काही म्हणायच्या आत विहीणबाईंनी दिराला टेंपो काढायला लावला. दिलीप मागच्या रिकाम्या पाट्यांत बसला, आम्ही दोघी विहिणी पुढे. मुंब्र्याचा डोंगर, शिळफाटा, मग डोंबिवली. तिथल्या दुकानात हुबेहूब तसा डबा मिळाला, माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात दिलीप म्हणाला, "प्लग वेगळा आहे. दुसर्‍या मॉडेलचा." ऊन कलायला लागलं होतं. ठाकुर्लीच्या बाजूला एका टपरीवर वडापाव घेतला, पण माझा हातातच राहिला. विहीणबाईंनी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाल्या, "सांजच्या आदी निघाल तुमी."

पत्रीपूल ओलांडून शहाडला पोचलो. तिथे अपघातात चेपलेल्या गाड्यांचा वाडा होता. आमच्याच मॉडेलची, आमच्याच रंगाची एक गाडी तोंड फुटून उभी होती. दिलीपने तिच्यातून डबा काढला, नंबर जुळवला आणि मान डोलावली. मला वाटलं, तसल्या गाडीचा मेंदू घेऊन पोटुशी पोर न्यायची?

मी बोलायला धजत नव्हते ते विहीणबाईंनीच विचारलं. "यातला मानूस जगला काय?"

"जगला ना, मावशी," वाड्याचा मालक म्हणाला.

"तुज्या पोराची आन घेऊन सांग."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. "पोराची आन. पाय मोडलेला फक्त. परवाच चहा पिऊन गेला इथे."

विहीणबाईंनी खणाच्या चोळीतून चिमूटभर अंगारा काढून डब्याला लावला. दिलीप हसला, पण पुसला नाही त्याने.

ठाण्यात परतून डबा बसला. इंजिन सुरू झालं, पिवळा दिवा विझला. दिलीपने दहादा बंद-चालू करून पाहिलं. तरी माझा विश्वास बसेना. मेधा मागच्या सीटवर आडवी झाली, आणि मी बघते तर विहीणबाई पाटी घेऊन माझ्या शेजारी चढत होत्या.

"मी येते संगती. वाटंत लागलं तर दोगी आसू." आणि माझी नजर पाटीवर गेलेली बघून, "पोर पयल्या बालंतपनाला म्हायेरी चालली. रिती कशी धाडू? खाली नाय ठेवत."

मनातून मी चरफडले. घाटात मी एकाग्रतेने कान लावून चालवत होते. प्रत्येक वळणावर वाटे, आता थांबेल. गाडी थांबली नाही. विहीणबाई मांडीवर पाटी धरून समोर बघत होत्या. एकदाही हलल्या नाहीत.

बरीच रात्र झाली तेव्हा नाशिक आलं. ह्यांनी फाटक उघडलं, मेधाला हात धरून आत नेलं. विहीणबाई उतरायला लागल्या तेव्हा मी पाटी घ्यायला पुढे झाले. पाटी बर्फातल्या मासळीची होती. त्यांचं लुगडं मांडीपासून पायापर्यंत थबथबलं होतं, आणि पाय इतके गारठले होते की त्यांना उभं राहता येईना. पायाखालचा गालिचा ठणठणीत कोरडा होता. बरोबर आणलेली प्लॅस्टिकची पिशवी रिकामी करून त्यांनी तिच्यात पावलं घातली होती, निथळणारं पाणी खाली जाऊ नये म्हणून.

मी त्यांना खांद्याचा आधार दिला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "नाय ना थांबली?"

"नाही थांबली," मी म्हटलं. मग त्यांना आत नेऊन माझं कोरडं पातळ नेसायला दिलं, आणि आठवा महिना सरेपर्यंत परत जाऊ दिलं नाही.