आवाज निघतोय, पोचत न्हाई

माझ्या थोरल्या बहिणीच्या मोठ्या दिरांनी जगातली कुठलीच वस्तू आधी डोळ्यांनी पाहिली नाही. समोर काहीही येवो, ते बोटाच्या पेराने ठोकायचं, कान तिरपा करायचा आणि मगच त्याच्याविषयी मत द्यायचं, असा त्यांचा नेम होता. सगळे त्यांना आप्पा म्हणत. दौंड स्टेशनात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या कडेने चालत, लांब दांड्याच्या हातोडीने चाकांवर टोले देत त्यांची तीस वर्षं गेली. धड चाक घंटेसारखं वाजतं आणि तडा गेलेलं बद्द, एवढं आपल्याला कुणी सांगितलं तर कळेल. आप्पांना मात्र चाक किती दमलंय तेही ऐकू येतं, असं त्यांच्या कॉलनीत बोललं जाई. बहिणीच्या नव्या घराची फरशी बसली तेव्हा गवंड्याला चहा देऊन त्यांनी ओट्यावर बसवलं, स्वतः उकिडवे बसून एकेक फरशी ठोकत स्वयंपाकघरापासून पडवीपर्यंत आले आणि सात फरश्यांवर खडूने फुल्या मारल्या. गवंडी चिडून म्हणाला, "उचलून दावतो." त्याने उचलल्या. सातही खालून पोकळ निघाल्या. तो पुढे आयुष्यभर आप्पांना वाकून नमस्कार करी आणि त्यांच्या नात्यातलं काम शक्यतो घेत नसे.

भाचीला बघायला पाहुणे आले होते त्या दिवशीची गोष्ट तर मी डोळ्यांदेखत पाहिली. मुलगा देखणा, बोलणं गोड, सगळे खूश. आप्पा कोपऱ्यात पोहे खात बसलेले. पाहुणे उठले, बाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, तसे आप्पा म्हणाले, "गाडी उसनी हाय. किक कुठं लागती ते पोराला म्हाईत न्हाई." चौकशी केली तर गाडी खरंच मित्राची होती. सोयरीक मोडली नाही, कारण आप्पाच म्हणाले, "गाडी उसनी असंना, हसणं सोताचं हाय." ते लग्न सुखाचं झालं.

रिटायर झाल्यावर हा कान रिकामा बसेना. रेडिओ झाले, पंखे झाले, मिक्सर झाले, आणि साठी उलटल्यावर आप्पा कॉम्प्युटरकडे वळले. कुणीतरी भंगारात काढलेला एक डबा आणून त्यांनी तो खाटेवर पसरला. सोबत मदरबोर्डची इंग्रजी पुस्तिका होती. सकाळी अंघोळ करून, चष्मा पुसून, ओळीखाली बोट धरून ती ते रोज चार पानं वाचत. इंग्रजी यथातथाच, पण अडलेला शब्द ते दोन-दोन दिवस सोबत घेऊन हिंडायचे. वर्षभरात दौंडातले शिकलेले तरुण त्यांच्याकडे आपापले डबे घेऊन येऊ लागले. मी हे कौतुकाने ऐकत असे, पण खरं सांगायचं तर म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा, यापलीकडे मी त्याला किंमत देत नव्हतो. ती दिली एका दसऱ्यानंतर.

मी शिरूरला कॉलेजात शिकवत होतो. आमच्याकडे इतिहासाच्या एक मॅडम होत्या, जवळच्याच निमोणे गावच्या. दहाव्या वर्षी आजारात त्यांची दृष्टी गेली होती. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक बोलणारा प्रोग्रॅम होता. पडद्यावरचं इंग्रजी तो वाचून दाखवी आणि त्यावर त्यांचं सगळं काम चाले. पीएचडीचा प्रबंध त्यांनी असाच कानाने लिहीत आणला होता. तो विद्यापीठात द्यायला आठ दिवस उरले असताना मशीनचा आवाज गेला. आपलं मशीन मुकं झालं तर आपण दुसरं काम करतो. त्यांच्या दृष्टीने पडदाच काळा झाला होता. दुकानदाराने येऊन सीडी घालून पाहिली आणि सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय. बदला, आन् सगळं पुसून नव्यानं भरा." प्रबंधाची दुसरी प्रत जुनी होती, शेवटची दोन प्रकरणं तिच्यात नव्हती. मी म्हणालो, मी वाचून दाखवतो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही चुका दुरुस्त करून वाचाल. मला माझ्या चुका ऐकायच्यात."

मी दौंडला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आप्पा शिरूरला उतरले, बगलेत रेडिओ आणि पिशवीत तीच पुस्तिका. "बोर्ड त्याच जातीचा निघाला तर बरं," एवढंच म्हणाले. निमोण्याला पोचलो. मॅडमचे वडील दारात उभे होते. उंच, उन्हाने रापलेले, निम्मं आयुष्य मेंढरांमागे काढून आता शेतीत स्थिरावलेले गृहस्थ. ते आमच्याकडे बघत नव्हते.

आप्पांनी आधी स्पीकर रेडिओला जोडले. वाजले. मग त्यांनी कॉम्प्युटर चालू करून आतल्या सेटिंग तपासल्या. आवाजाची सोय चालू होती. काहीतरी लावल्यावर पडद्यावरची हिरवी पट्टीही नाचत होती. मागच्या भोकात हेडफोन घातला तर आत शुकशुकाट. आप्पा डोळे मिटून बसले. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "आवाज निघतोय, पोचत न्हाई. गाडी यार्डातनं सुटली, मधी कुठंतरी रूळ उखडलाय." मग मशीन बंद करून त्यांनी डब्याचं झाकण काढलं. आत पंख्याच्या खाली, मदरबोर्डवर, हळदीकुंकवाची दोन ठसठशीत बोटं उमटलेली होती.

मॅडमच्या वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. "खंडेनवमीला समदी हत्यारं पुसून पुजतो आपून," ते हळू म्हणाले. "पोरीचं हत्यार ह्येच. म्हनून ब्रशनं आतनं झाडलं. तिथं गोचिडागत दोन काळं काईतरी बसलं व्हतं. मेंढराचं काढतो तसं काढलं, आन् टाकलं."

"आबा, तुम्ही मला सांगितलं का नाही?" मॅडम म्हणाल्या.

"कसं सांगू? तुझं डोळं मीच काढलं म्हनून सांगू?"

मला वाटलं, आता आप्पा काहीतरी बोलतील. गवंड्याच्या फरश्यांवर फुल्या मारल्या तशी इथली चूकही दाखवतील. पण ते म्हाताऱ्याजवळ सरकले आणि पुस्तिकेतलं चित्र त्यांच्यापुढे धरलं. बोर्डावर बारीक सुया असतात. पुढून हेडफोन लावायची सोय केलेली असेल, तर आवाज त्या सुयांवरून पुढे जाऊन मागे परततो; सोय नसेल, तर दोन इवल्या टोप्या घालून रस्ता तिथेच जोडतात. "ह्या टोप्या हो. मलाबी पहिल्यांदा गोचीडच वाटलं व्हतं," आप्पा म्हणाले. हे खोटं होतं, आणि खोटं बोलताना मी त्यांना तेवढं एकदाच ऐकलं. मग त्यांनी घरातला एक बंद पडलेला सीडी ड्राइव्ह मागवला, त्याच्या पाठीवरची एक टोपी चिमट्याने उपटली, दुसरी आपल्या पिशवीतून काढली आणि दोन्ही सुयांवर बसवल्या.

मशीन सुरू झालं आणि बोललं. मॅडमनी शेवटचं प्रकरण उघडलं. प्रोग्रॅम इतक्या वेगाने वाचू लागला की मला, इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला, एक शब्द लागेना. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तो आवाज. मॅडम मान हलवत होत्या, मधेच थांबवून एक स्वल्पविराम बदलत होत्या. आप्पा उभेच राहिले. "ताई, ह्ये तुम्हाला समदं कळतंय?" त्या म्हणाल्या, "सवयीनं, आप्पा. हळू करू का?" त्यांनी वेग कमी केला. परक्या, नाकातल्या उच्चारात ओळी येऊ लागल्या, आणि त्यात नावं: केंदूर, निमोणे, पाटस. मॅडमचे वडील एकदम पुढे आले. "ह्यी तर आमच्या वाटंवरची गावं. मेंढरं घेऊन जायचो ती."

"तेच लिहिलंय आबा," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याच वाटा आहेत."

म्हातारा खाली बसला आणि पुढचं पान संपेपर्यंत उठला नाही. एकाही अक्षराचा अर्थ कळत नसताना तो गावं मोजत होता.

परतीच्या एसटीतून शिरूरच्या स्टँडवर उतरताना आप्पा म्हणाले, "पाव्हणं, लोकं म्हणायची दौंडात माझ्यासारखा कान न्हाई. मलाबी तसंच वाटायचं." आणि हसले, एखादं मोठं देऊळ पाहून आलेला माणूस हसतो तसं.

प्रबंध वेळेवर गेला. मॅडम आता दूरच्या कॉलेजात आहेत. आप्पा गेले त्या दिवशी मी मॅडमना फोन करून कळवलं. त्यांनी विचारलं, "सर, आप्पा दिसायला कसे होते हो?" मी सांगायला लागलो: सावळे, बुटके, मिशा पांढऱ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, हा तर कुणीही म्हातारा झाला. मी थांबलो. मॅडम मात्र वाट बघत होत्या, म्हणून मी पुन्हा सुरुवात केली: समोर काहीही येवो, ते आधी बोटाच्या पेराने ठोकायचे आणि कान तिरपा करायचे.