न पाहिलेल्या घरावरचा निबंध

मंडळी, मी इस्राएलमधल्या अश्दोदची, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. आम्हाला निबंधलेखन सक्तीचं आहे. या वेळचा विषय होता, 'न पाहिलेलं घर'. मी मनानेच कोकणातलं एक घर रचलं. माळ्यावर जाणाऱ्या जिन्याच्या पायरीवर एक मुलगी बसवली, डाव्या हाताला सहा बोटं असलेली.

आज दुपारी तो हिब्रू निबंध आईला मराठीत करून सांगितला. तिने गॅस बंद केला.

"रिबकाचं तुला कोणी सांगितलं?"

"कोण रिबका?"

"माझी मोठी बहीण. आमच्या कोकणातल्या घरी त्याच पायरीवरून पडून वारली. आम्ही कधी नाव काढलं नाही."

मग हळूच म्हणाली, "अजून तिथेच बसलीय का ग?"

आईने निबंधाचा कागद ठेवून घेतला.

आता वर्गासाठी दुसरं घर लिहायचंय. तिथे कोण बसलेलं असेल, याची भीती वाटतेय. तुम्ही लिहिलं असतं?