नखावरची शाई

आज भाजी घेताना भाजीवालीच्या बोटावर मतदानाची शाई दिसली आणि अण्णांची आठवण आली. अण्णा म्हणजे माझे वडील. राजकारणावरून आमचे रोज जेवताना वाद व्हायचे. गेल्या निवडणुकीत ते खूप आजारी होते, तरी हट्टाने व्हीलचेअरवर बसून माझ्याबरोबर मतदानाला आले.

"कोणाला दिलंत?" घरी आल्यावर मी विचारलं.

"मत गुप्त असतं," म्हणून ते हसले.

त्याच आठवड्यात ते गेले. शेवटची आंघोळ घालताना काका त्यांचं बोट चोळत राहिले.

"राहू द्या काका, ती निघत नाही," मी म्हणाले.

माणूस गेल्यावरही नखं वाढतात, असं लहानपणी ऐकलं होतं. ते खरं नाही. कातडी आक्रसते, म्हणून नख लांब दिसतं, एवढंच.

माझं नख मात्र वाढत होतं. त्यावरची शाई हळूहळू टोकाशी आली, तरी मला ते कापवेना. शेवटी एका दुपारी आई नेलकटर घेऊन शेजारी बसली. माझा हात तिने मांडीवर घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला.

"आज नको," ती म्हणाली.