एका नावाची घासाघीस

माझ्या सासूबाई शांताबाई परब यांनी आयुष्यात कोणत्याही गोष्टीची सांगितलेली किंमत दिलेली नाही. आमच्या लग्नात भटजींची दक्षिणा त्यांनी दोन मंगलाष्टकांच्या मधल्या वेळात कमी करून घेतली होती. पद्धत एकच. किंमत ऐकायची, कपाळाला हात लावायचा आणि पिशवी उचलून चालू पडायचं. दहा पावलांत हाक येते. लालबागच्या बाजारात तरी येतेच.

सासऱ्यांची मिल बंद पडली तेव्हा सासूबाईंनी मालवणी मसाला करायला घेतला. बावीस वर्षं तो परळच्या एका दुकानदाराला दिला आणि त्यानं तो स्वतःच्या नावाच्या पुड्यांत विकला. लोक त्याच्या मसाल्याची तारीफ करायचे आणि सासूबाई भाजलेल्या मिरचीच्या खाटानं रात्रभर खोकायच्या. तीन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडून त्यांच्या हाताखाली आले. पहिलं काम काय केलं, तर ‘शांताबाईंचा मसाला’ अशी पाकिटं छापली आणि त्याच नावाची वेबसाइट काढली. सासूबाईंना इंटरनेट कळत नाही. पण ती साइट त्यांनी गॅसवाल्यालासुद्धा दाखवली. ‘ह्या माझा नाव,’ म्हणायच्या.

या वर्षी ऐन मिरच्यांच्या दिवसांत साइटच्या त्या नावाची, म्हणजे डोमेनची, मुदत संपत आली. नाव देणाऱ्या कंपनीचा मेल आला, अकराशे रुपये भरा. मी भरतच होते, पण गल्ला सासूबाईंच्या ताब्यात.

“पयल्या तीन वर्सांक नव्याण्णव घेतल्यान आणि आता अकराशे? गिऱ्हाईक अडकला म्हणान? सातशे सांग.”

“आई, तिथं भाव होत नाही.”

“भाव खंय होत नाय? चल, फोन ठेव. हाक मारतलो.”

आणि काय सांगू, हाक आली! दोन दिवसांनी मेल आला, ‘तुमचं नाव गमावू नका.’ चौथ्या दिवशी मेसेज, ‘ही शेवटची संधी.’ मी घाबरून वाचून दाखवायची आणि सासूबाई समाधानानं लसूण सोलत म्हणायच्या, “बघ, इलो मागसून. अजून थांब. पडतलो खाली.” जितके मेल जास्त, तितका समोरचा नरमला, असा त्यांचा हिशोब. माझ्या नवऱ्यानं, राहुलनं, दोन्ही बाजूंना मान डोलावली आणि तो कामावर निघून गेला. त्याचं हे नेहमीचंच.

मुदत संपली. साइट बंद झाली आणि तिथं कर्जाच्या जाहिराती दिसू लागल्या. मुदतीनंतरही महिनाभर अकराशेतच नाव परत मिळायची सवलत होती, तीही सासूबाईंनी लसूण सोलण्यात घालवली. मी गुपचूप भरायला हवे होते, हे मला आज कळतं. तेव्हा मला त्यांचा राग आला होता आणि धाक त्याहून जास्त होता. मग एक दिवस मेल येणंच थांबलं. सासूबाई पहिल्यांदा अस्वस्थ झाल्या.

आम्ही कंपनीला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

“मॅडम, आता रिडेम्प्शन फी लागेल. नाव सोडवायचे नऊ हजार चारशे.”

“सोडवूचे? गहाण कोणी टाकल्यान?” सासूबाई ओरडल्या.

मुलगी शांतपणे म्हणाली, “आठ दिवसांत नाही भरलेत तर नाव मोकळं होईल. मग ते कुणीही घेऊ शकतं.”

“कोण पण?”

“हो, कुणीही.”

सासूबाईंच्या डोळ्यांसमोर कोण उभं राहिलं ते मला सांगावं लागलं नाही. परळचा दुकानदार अजून धडधाकट आहे आणि त्याचा मुलगा कॉम्प्युटर शिकलेला आहे. आमच्याकडे तीन हजार पाकिटं छापून पडली होती, पण सासूबाई पाकिटांकडे बघत नव्हत्या. पदर तोंडाला लावून बसल्या.

“भरतंय,” त्या म्हणाल्या. पूर्ण किंमत. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

“ठीक आहे,” मुलगी म्हणाली. “मालक म्हणून सीमा परब यांचं नाव आहे. त्याच बोलतायत का?”

सासूबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले. तीन वर्षांपूर्वी घाईघाईत फॉर्म भरताना मी स्वतःचं नाव टाकलं होतं. मनात काही नव्हतं, देवाशपथ. पण त्या दुकानदाराच्या मनात तरी सुरुवातीला काय होतं?

“मालक बदलूचे किती?” सासूबाईंनी विचारलं.

“त्याचे काही नाही, मॅडम. फुकट असतं.”

फुकट म्हटल्यावर सासूबाई सोडतील, असं कुणाला वाटलं असतं? मी मान खाली घालून बसले. आता आपली हजेरी घेतली जाणार.

“नको बदलू,” त्या फोनकडे बघून म्हणाल्या. “माझी मुदत कधी संपात, सांगूक येणा नाय. नाव माझा, पण ऱ्हवांदे सुनेकडेच. ता सांभाळतला.”

मग उठून मिरच्यांची देठं काढायला गेल्या. मी कार्डाचा नंबर टाकायला घेतला. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे तो दोनदा चुकला.