तीस मीटरचं गणित

माझा मामा बत्तीस वर्षं बस चालवत होता. एवढ्या वर्षांत त्याच्या गाडीखाली एकच माणूस गेला, पण त्या एकाने मामाची पाठ सोडली नाही. कुलपं दुरुस्त करणारा, पन्नाशीचा माणूस. सायकलवरून गल्लीतून एकदम रस्त्यावर आला. मामाने ब्रेक दाबला, पण गाडी थांबायच्या आत व्हायचं ते होऊन गेलं. चौकशी झाली. साहेबांनी टेप लावून मोजलं: सायकल दिसली तिथपासून धडक बसली तिथपर्यंत तीस मीटर. चालकाचा दोष नाही, असा शेरा मारून फाइल बंद झाली. मामाचं तोंडही तेव्हापासून बंद झालं.

निवृत्त झाल्यावर तो माझ्याकडे राहायला आला. मामी आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. मी घरीच अकरावीचे फिजिक्सचे क्लास घेते. पुढच्या खोलीत वीस मुलं, एक फळा आणि माझा आवाज. तो शेजारच्या इमारतीत ऐकू जातो असं लोक म्हणतात, म्हणोत बापडे. मामा सातवी पास. सुरुवातीला नुसता पंख्याखाली बसायला म्हणून मागच्या बाकावर यायचा. मग त्याने वही आणली. मग शंका विचारायला लागला आणि मुलांसारखाच मला 'बाई' म्हणायला लागला. घरात 'पोरी', क्लासात 'बाई'. मीही त्याला सोडलं नाही. एकक लिहिलं नाही की अर्धा मार्क कापायचे.

"मामा, पाच काय? पाच बटाटे?"

मुलं खिदळायची. मामा मान खाली घालून 'मीटर' लिहायचा.

माझ्या क्लासात कुठलंही गणित एका भागात संपत नाही. भाग अ सुटला की मी एक आकडा बदलते आणि भाग आ देते. हाच चेंडू दुप्पट वेगाने फेकला तर? हाच ट्रक हळू आला असता तर? मुलं वैतागतात. पण भाग आ सोडवल्याशिवाय भाग अ कळला, असं मी मानतच नाही.

एकसमान त्वरणाचा धडा संपला त्या दुपारी मुलं गेली तरी मामा बाकावरच बसून राहिला. मग त्याने वही पुढे केली. बसचा वेग ताशी चोपन्न किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. ब्रेक लागल्यावर दर सेकंदाला वेग पाचने कमी. थांबायला लागणारं अंतर साडेबावीस मीटर.

"तीस मीटर होते ना गं," तो म्हणाला. "साडेबावीसला थांबायला हवी होती गाडी. झोपलो होतो का मी? माणूस मारला मी, पोरी."

चूक मला लगेच दिसली. दरवर्षी निम्मा वर्ग हीच चूक करतो.

"मामा, सायकल दिसली आणि त्याच क्षणी ब्रेक लागला? पाय उचलून ब्रेकवर ठेवायला वेळ लागतो की नाही? एक सेकंद धर. तेवढा वेळ गाडीला ब्रेकच नाही. ती आपली पंधराच्याच वेगाने चाललीये. पंधरा मीटर तिथेच गेले."

त्याने बेरीज केली. साडेसदतीस.

"म्हणजे तीसमध्ये थांबलीच नसती?"

"नसती."

"नक्की?"

"नक्की. चल, चहा टाकते." आणि मी वही मिटली.

खरं तर त्याची बेरीज व्हायच्या आतच भाग आ माझ्या डोक्यात सुटला होता. त्या रस्त्यावर पंचेचाळीसची पाटी होती. गाडीला चार मिनिटं उशीर झाला होता म्हणून मामा चोपन्नने चालवत होता. चौकशीत हे कुणी विचारलंच नव्हतं; त्यानेच मला पूर्वी एकदा सांगितलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी भाग आ दिला नाही.

त्या दिवसापासून मामा पोटभर जेवायला लागला. मुलांशी थट्टामस्करी करायला लागला. सहा वर्षं अशी चांगली गेली. मामाला मी बरं केलं, याचा मला आतून अभिमान होता.

गेल्या महिन्यात तो झोपेतच गेला. काल त्याचं कपाट आवरताना वही सापडली. सवयीने मी लाल पेन हातात घेतलं आणि साडेसदतीसचं पान उलटलं. मागे तीच तारीख होती. खाली त्याच्या मोठाल्या अक्षरात 'भाग आ'.

वेग ताशी पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. पहिल्या सेकंदात साडेबारा मीटर. ब्रेक लागल्यावर १५.६ मीटर. एकूण २८.१ मीटर. उत्तर: गाडी थांबली असती.

त्याखाली एक ओळ होती. 'बाईंना दाखवू नये. पोरीला वाईट वाटेल.'

सहा वर्षं मला वाटत होतं की मी त्याला सांभाळलं. मी मागच्या बाकावर, त्याच्या जागी बसले आणि ढसाढसा रडले. मग डोळे पुसून पुन्हा एकदा सगळ्या पायऱ्या तपासल्या, कुठे तरी चूक निघेल म्हणून. एकही निघाली नाही. एककसुद्धा प्रत्येक ओळीत लिहिलेलं होतं.