आग वाढवतो, सर

पुस्तकात छापावं असं माझ्याकडे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहिण्याचा सराव म्हणाल तर परीक्षेत लिहिलं तेवढाच. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं. पण अलीकडे ते दिवस फार आठवतात, म्हणून धीर केला.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी लातूरला एका तेल मिलमध्ये लागलो. मिलच्या मालकांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज मोठा. मिलमध्ये जुन्या लहान बॉयलरच्या जागी नवा मोठा बसणार होता, आणि तो चालवायला कायद्यानं परवानाधारक इंजिनिअर लागत होता. परवान्यासाठी आधी लेखी, मग तोंडी परीक्षा. अप्पांनी मला बोलावून घेतलं.

“सोलापूरचा एक लायसनवाला यायला तयार हाय. पण घरचं माणूस असताना भायेरचा कशाला? तू पास हो, बॉयलर तुझा. न्हाई झालास तर माझा इलाज न्हाई बाबा.”

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, “अजून परीक्षा? मग ती डिग्री कशाची होती?”

पाळी संपली की अंगाला भुश्श्याचा वास घेऊन खोलीवर वाचत बसायचो. रविवारी एसटीनं नांदेड गाठायचं. कॉलेजातला माझा मित्र तिथल्याच एका कारखान्यात होता, विष्णुपुरीला खोली करून राहायचा आणि हीच परीक्षा देत होता. धरणाच्या अलीकडे बसून आम्ही एकमेकांना प्रश्न विचारायचो. मी अडखळलो की तो म्हणायचा, “अबे, गोदावरीला धरणानं अडवलं, तुला कोणी अडवलं?” तसं हसणं नंतर फारसं झालं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. अप्पांच्या मिलमध्ये ‘विझवणे’ हा शब्द चालत नसे. पोटाला देणाऱ्या आगीला तसं बोलू नये, असं त्यांचं म्हणणं. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं, दुकान बंद करताना वाढवायचं, तशी आमची आगही वाढवायची. नव्या माणसाच्या तोंडून ‘विझवू का?’ निघालं की अप्पा ऑफिसातून ओरडत, “वाढवू का म्हण!” हळूहळू ते माझ्याही तोंडात बसलं.

लेखी निघाली. तोंडीसाठी आम्ही दोघं मुंबईला गेलो. समोर तीन साहेब. त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि माझी बोबडी वळली. मधले साहेब भले होते. म्हणाले, “मराठीत सांगा. काचेत पाणी दिसत नाही. पहिलं काय कराल?”

पातळी दाखवणारी काच रिकामी, म्हणजे बॉयलर फुटायची वेळ. आधी आग बंद करायची, हे मी झोपेतही सांगितलं असतं. मराठी ऐकून इतकं हायसं वाटलं की ताठ बसून म्हणालो, “आधी आग वाढवतो, सर.”

“वाढवता?”

“हो सर. लगेच. पूर्ण.”

साहेबांनी चष्मा काढला. शेजारचे म्हणाले, “आणि मग पळता कुठे?” ते गंमत करतायत असं वाटून मी हसलोसुद्धा.

परतीच्या गाडीत मी हे सांगितलं तसा मित्रानं कपाळावर हात मारला. “अबे, त्यांना काय म्हाईत तुझ्या अप्पाची भाषा! त्यांना वाढवणं म्हंजे वाढवणंच!” मग माझ्या लक्षात आलं. तो पास झाला, मी राहिलो.

अप्पांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले, आणि मग डोळे पुसत म्हणाले, “म्हंजे माझ्या शब्दानं तुझा घात केला की.” चूक माझीच, असं मी म्हणत राहिलो. सोलापूरचे इंजिनिअर तात्पुरते आले. “पुढच्या तोंडीपस्तोर,” अप्पा म्हणाले. “त्याच्या म्होरं मला थांबता यायचं न्हाई.”

त्या आठवड्यात मिल बंद करायच्या वेळी अप्पा स्वतः बॉयलरपाशी आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “विझवा.”

कोणी जागचं हललं नाही.

“ऐकू येत न्हाई का? विझवा म्हणलो. अन् तू, तू बी म्हण.”

मी म्हणालो. अप्पांनी बॉयलरकडे तोंड करून हात जोडले आणि निघून गेले. त्यानंतर रोज ते मला तो शब्द म्हणायला लावत, आणि रोज हात जोडत.

पुढच्या तोंडीत साहेबांनी तो प्रश्न विचारलाच नाही. सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल विचारलं, पाण्याच्या शुद्धीकरणाबद्दल विचारलं. बरं गेलं की वाईट, काही कळेना. निकाल लांबला. सोलापूरच्या साहेबांनी लातुरात घर बघायला सुरुवात केली होती.

एका दुपारी मित्राचा फोन आला. बॉयलरच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी बाहेर उन्हात आलो.

“काय करून राहिलास? निकाल लागला, अबे! पास झालास. जा, अप्पाच्या हातानं नारळ वाढव.”