मुळशीच्या दुकानातलं महाग पाकीट

बावधन सोडलं तेव्हा गाडीत आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा थोरला भाऊ, दादा. त्याचा आवाज दोन महिने बसलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर दुर्बिणीने घसा तपासणार होते. ही तपासणी त्याने आधी दोनदा टाळली होती, म्हणून 'मुळशीचं धरण बघून येऊ, रात्री माझ्याकडेच राहा' असं सांगून मी त्याला बाहेर काढलं. सहल कसली, पहाराच होता तो.

भूगावची गर्दी पार करून पिरंगुटला चहाला थांबलो. मी पैसे देईपर्यंत दादा शेजारच्या टपरीवर पोचलासुद्धा.

"एक सुटी दे रे."

"भाव वाढलाय, काका."

"मग ती बारकी दे, स्वस्तातली."

चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा आमचा दादा. महागाईने त्याची सिगारेट सुटली नाही, नुसती आखूड झाली. मी तिथेच भांडले.

"उद्या काय तोंडाने जाणारेस डॉक्टरांपुढे?"

"घसा बसलाय फक्त. उद्याचं उद्या बघू."

म्हणजे उद्याही हा दांडी मारणार. माझं डोकं तापलं. पौड आलं तरी ते निवलं नव्हतं.

पुढे डोंगर जवळ येतात आणि एका वळणावर धरणाचं पाणी दिसतं. उन्हाळ्याच्या तोंडावर ते बरंच ओसरलं होतं, काठाला तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. रस्त्याकडेच्या एका खाणावळीत तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण (पातळ रस्सा) मिळालं. कालवण झणझणीत होतं, पण माझं सगळं लक्ष दादाकडे. भाकरी रश्श्यात पार भिजवून तो एकेक घास कष्टाने गिळत होता. मी बघतेय हे कळल्यावर त्याने तोंड फिरवलं.

खाणावळीला लागूनच मालकीणबाईंचं दुकान होतं. हात धुऊन दादा तिकडेच गेला. मीही मागोमाग गेले.

"सुटी न्हाई देत मी," बाई म्हणाल्या. "पाकीट फोडलं की बाकीच्या सादळत्यात (सर्द होतात). ह्ये जुनं हाय, छापलेल्या भावातच देते. ह्यो नवा माल, लई म्हाग."

सिगारेट तीच, पाकिटं दोन. जुन्यावर गळ्याला भगदाड पडलेल्या माणसाचा फोटो होता. नव्यावरही काही फुलं नव्हती. पण निदान गळा तरी नव्हता.

आता हा जुनी दोन उचलणार, असं मला वाटलं. दादा त्या फोटोकडे बघतच राहिला. मग एका बोटाने ते पाकीट त्याने मागे सरकवलं.

"नवं द्या."

"अवो, आतला माल त्योच हाय की! उगा कशाला जास्ती देताय?"

"नवंच द्या, बाई."

माझा राग तिथेच गळून पडला. भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून वाद घालणारा माझा भाऊ, फोटोतला गळा दिसू नये म्हणून जास्तीचे पैसे मोजत होता. मी त्याला हट्टी समजत होते आणि तो घाबरला होता. फार वाईट वाटलं मला.

परतीच्या वाटेवर पाकीट त्याच्या हातातच होतं, न फोडलेलं. चांदणी चौकाचे दिवे दिसायला लागले तेव्हा मी विचारलं, "सकाळी कधी उठवू?"

"उठवायला कशाला लागतंय? झोप थोडीच येणार आहे?" मग त्याच घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "तू आत येशील ना माझ्याबरोबर?"

"येणार," मी म्हटलं. "डॉक्टरांनी हाकललं तरी येणार."